मारव्यातला षड्ज हुकला

गेल्या आठवड्यात मावसभावाचा मेसेज आला : ‘ताई, सवाई गंधर्व महोत्सवाचं सीझन तिकीट काढू का? सोमवारी पेपर आहे, पण मॅनेज होईल.’ तो पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ते ‘मॅनेज होईल’ वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याला फोनवर जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण डिसेंबरात त्याच्यासारखी पुष्कळ मुलं असतात.

मीही दुसऱ्याच वर्षाला होते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होते. पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, सुरू होती आणि सोमवारी सकाळी दहाला एम-थ्रीचा, म्हणजे गणिताचा, पेपर. गुरुवारी रात्री व्हेक्टर इंटिग्रेशन उघडलं. स्टोक्सचा सिद्धांत तीनदा वाचला, सोडवलेलं गणित उतरवून काढलं, मग पुस्तक मिटून तेच करायला घेतलं तर पहिल्या ओळीतच अडले. छातीत धडधड सुरू झाली. शुक्रवारी संध्याकाळी रूममेट म्हणाली, सुदर्शन रंगमंचावर एका नाटकाचा प्रयोग आहे, येतेस का? मी चपला घालूनच उभी होते.

शनिवारी सकाळी केळकर संग्रहालयात गेले. खोलीपासून चालत जाण्याइतकं जवळ, पण दीड वर्षात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. नेमकं त्याच शनिवारी मला ते ‘बघायलाच हवं’ असं वाटलं. अडकित्त्यांच्या कपाटापुढे मी खूप वेळ उभी होते. सुपारी कातरण्यासारख्या साध्या कामाच्या वस्तूला कुणीतरी पक्ष्याचा, घोड्याचा आकार देत बसलं होतं. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीत हा संग्रह उभा केला. जुन्या वाड्यांतून आणि बाजारांतून एकेक वस्तू मिळवत तो वीस हजारांच्या घरात गेला. एका माणसाने आयुष्यभर रोज थोडं थोडं केलेलं काम माझ्यासमोर होतं, आणि ते मी कशासाठी बघत होते, तर रोजचं थोडं थोडं टाळलं होतं म्हणून. हे तेव्हा कळलं नाही. ‘हेही शिक्षणच आहे’ असं म्हणत मी तिथून निघाले.

दुपारी सवाई. मुकुंदनगरचं मैदान, मांडव, बाहेर खाण्याच्या स्टॉल्सवर गर्दी. मी भारतीय बैठकीत जागा धरली. सूर्य कलायला आला तेव्हा एका गायकाने मारवा सुरू केला. मारव्यात पंचम नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावरच सगळा भार असतो आणि षड्जावर गायक सहजी टेकत नाही. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते. डोळे मिटून, मांडीवर हलकेच बोट टेकवत बसले होते. आलाप वाढत गेला तसं ते बोटही थांबलं. मी मात्र मांडीवरच्या फोनमध्ये ‘एम-थ्री इम्पॉर्टंट क्वेश्चन्स’ची पीडीएफ उघडून बसले होते. अचानक आख्ख्या मांडवातून एक ‘आऽऽह’ उमटला. आजोबांनी डोळे उघडून, भरल्या नजरेने, माझ्याकडे ‘ऐकलंस ना?’ असं बघितलं. षड्ज लागला होता. मी मान डोलावली. मी ऐकला नव्हता.

त्या दिवसांतलं माझं सर्वांत मोठं नुकसान मी हेच समजते. पेपर पुन्हा देता येतो.

रात्री आईचा फोन आला. ‘झाला का गं अभ्यास?’ ‘होत आलाय’, मी म्हटलं. आणि मनाला सांगितलं, भीमसेन जोशी गाण्यासाठी अकराव्या वर्षी घर सोडून पळाले होते, मी तर एक शनिवार दिलाय. त्यांचं पळणं सगळ्यांना पाठ असतं. पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरत, कामं करत, एकेका सुरावर काढलेली वर्षं मी सोयीस्कर विसरले. त्याच गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. त्या मांडवात बसून मी त्यांचं नाव आळसाच्या कामी लावलं, याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी रात्री अकराला खोलीवर आले तेव्हा पेपरला पस्तीस तास होते. पस्तीस तास! दोन युनिट्स नीट झाली असती. पण ‘आता गेलंच आहे’ म्हणून रविवारीही गेले, आणि शेवटपर्यंत बसवेना म्हणून आठलाच उठले. एम-थ्री राहिला. बॅक लागला तो तिसऱ्या वर्षापर्यंत निघाला नाही, आणि इंटर्नशिपसाठी आलेल्या कंपनीची पहिली अटच ‘चालू बॅकलॉग नको’ ही होती. बाबा काही बोलले नाहीत. परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरायला पैसे पाठवले, इतकंच.

म्हणून सांगते. नाटक, गाणं, संग्रहालय यांपासून लांब राहा असं मी कधीच म्हणणार नाही; पुण्यात शिकून हे न बघता जाणं म्हणजे करंटेपणा. पण निघण्याआधी स्वतःला एक विचारा : पेपर नसता तर मी आज तिथे गेले असते का? माझ्या केळकर संग्रहालयाचं उत्तर ‘नाही’ होतं. असं उत्तर आलं की पुस्तकात नेमकं काय अडलंय ते कागदावर लिहा आणि ज्याला येतं त्याच्याकडे जा. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मुलीला स्टोक्स येत होता. मी तिला विचारलंच नाही.

वेळापत्रक लागलं की महोत्सवांच्या तारखा त्याच्याशेजारी मांडा. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा पावसाळ्यात असते, तेव्हा मनसोक्त जा. सवाई डिसेंबरात, परीक्षेच्या तोंडावर येतो. तिथे सीझन तिकिटाचा मोह नको, एका दिवसाचंही तिकीट मिळतं. आणि त्या दिवशी सकाळी घड्याळ लावून एक जुना पेपर पूर्ण सोडवा. मग फोन बंद करून बसा. आणि एक दिवस वाया गेलाच, तर दुसरा त्याच्यामागे धाडू नका. माझा शनिवार गेला होता, रविवार मी स्वतःहून टाकला.

पुढच्या वर्षी मी फक्त रविवारी गेले. सकाळी पेपर सोडवून, चुका लाल पेनाने खुणावून. परंपरेप्रमाणे सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लावली. भैरवी. जुन्या तबकडीची खरखर आणि त्यातून येणारा तो आवाज. हजारो माणसं मांडवात होती, आणि कुणी पिशवीची चेनसुद्धा ओढत नव्हतं.

भावाला म्हटलं, ‘रविवारचं काढ. दोन काढ, मीही येते. आणि सोडवलेला पेपर बरोबर आण, गेटवर बघणार आहे.’