विजयी खेळाडू आणि त्याचे चाहते

शास्त्रपाठ : १ करिंथ. १:१०-१३, ३:४-९, ९:२४-२७.
पाठ करावयाचें वचन : १ करिंथ. ११:१.

प्रस्तावना

करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनीं मोठे खेळ भरत असत. धांवणारे, कुस्ती खेळणारे व मुष्टियुद्ध करणारे लोक दूरदूरच्या प्रांतांतून तेथें येत. आणि जो जिंके त्याच्या मस्तकावर झाडाच्या डहाळ्यांचा किंवा सुकलेल्या पाल्याचा मुकुट घालीत. तो थोड्याच दिवसांत कोमेजून जाई. पौल त्या शहरांत दीड वर्ष राहिला होता. तेव्हां त्यानें आपल्या पत्रांत शर्यतीचा व मुष्टियुद्धाचा दाखला द्यावा, याचें आश्चर्य वाटावयास नको. त्याच्या वाचकांना तो दाखला घरचाच होता.

आमच्या वाचकांनाहि खेळाचें वेड कांहीं नवें नाहीं. येथें गोखिवऱ्यास चाळींच्या मधल्या बोळांत मुलें फळीची बॅट करून क्रिकेट खेळतात. आणि ज्यांनीं टेनिसचें मैदान प्रत्यक्ष कधीं पाहिलें नसेल असे तरुणहि मोबाईलवर विंबल्डनचे सामने पाहून, हा खेळाडू श्रेष्ठ कीं तो, असा वाद मध्यरात्रीपर्यंत घालतात. यांत वाईट तें काय, असें कोणी विचारील. उत्तम काम पाहून मनांत आदर उत्पन्न होणें ही देवानें दिलेलीच वृत्ति आहे, आणि ज्याला कशाचेंच कौतुक वाटत नाहीं तो मनुष्य दरिद्री समजावा. परंतु आदराला दोन वाटा फुटतात. एक वाट पक्षाभिमानाकडे जाते, व दुसरी शिकण्याकडे. या दोहोंचा विचार आपण या धड्यांत करूं.

१. पक्षाभिमानाची वाट

करिंथच्या मंडळींत एक रोग शिरला होता. कोणी पौलाच्या नांवाची ध्वजा उभारली, कोणी अपुल्लोच्या, कोणी केफाच्या. आणि कांहींनीं तर प्रभूचें नांवहि एखाद्या पक्षाच्या नांवासारखें वापरलें. अपुल्लो मोठा वक्ता होता. पौलाचें बोलणें साधें होतें. श्रोत्यांनीं दोघांची तुलना मांडली, आणि तुलनेंतून कलह निघाला. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं ज्यांच्या नांवानें भांडण चाललें होतें त्या दोघांमध्यें मुळीं भांडणच नव्हतें. एकानें लावणी केली, दुसऱ्यानें पाणी घातलें, आणि वाढ देवानें दिली, असा पौलाचा हिशेब होता.

ही वाट शेवटीं कोठें नेते तें १९९३ सालीं टेनिसच्या मैदानावर जगानें पाहिलें. त्या वेळीं मोनिका सेलेस ही एकोणीस वर्षांची मुलगी जगांतील पहिल्या क्रमांकाची खेळाडू होती. तिच्या आधीं तो मान जर्मनीच्या स्टेफी ग्राफ हिचा होता. ३० एप्रिल रोजीं हॅम्बुर्ग शहरीं सेलेसचा सामना चालू होता, व मधल्या विश्रांतीस ती आपल्या खुर्चीवर बसली होती. इतक्यांत प्रेक्षकांतील एक मनुष्य पुढें आला आणि त्यानें मागून तिच्या पाठींत सुरी खुपसली. तो ग्राफचा चाहता होता. आपली आवडती खेळाडू पुन्हां पहिल्या क्रमांकावर यावी, एवढाच त्याचा हेतु होता. सेलेसच्या पाठीची जखम लवकर भरली. पण मनाची भरली नाहीं, आणि दोन वर्षांहून अधिक काळ ती सामन्यांत उतरली नाहीं. ती परत आली ती ऑगस्ट १९९५ मध्यें. आणि जिच्या प्रेमापोटीं हें सारें घडलें, ती स्टेफी ग्राफ स्वतः इस्पितळांत जाऊन सेलेसला भेटली. खेळाडू एकमेकींना भेटत होत्या. सुरी चाहत्याच्या हातांत होती.

आमच्यांत कोणी सुरी उचलीत नाहीं हें खरें. परंतु एकाची स्तुति करावयाची तर दुसऱ्याची निंदा केलीच पाहिजे, असें ज्याला वाटूं लागलें, त्यानें त्या वाटेवर पहिलें पाऊल टाकलेंच आहे.

२. शिकण्याची वाट

आतां दुसरी वाट पाहूं. टेनिसचें मैदान ७८ फूट लांब असतें, व त्याच्या मधोमध जें जाळें बांधतात तें मध्यभागीं ३ फूट उंच असतें. दोन्ही बाजूंस दोघेदोघे खेळतात तेव्हां बहुधा एक भिडू मागें राहतो व दुसरा जाळ्याजवळ उभा राहून चेंडू जमिनीस लागण्यापूर्वींच परतवितो. तेथें चेंडू पापणी लवते न लवते तोंच अंगावर येतो. विचार करावयास वेळच मिळत नाहीं. जें आधीं हजारों वेळां केलें असेल तेंच त्या क्षणीं हातून होतें.

जाळ्याजवळच्या या खेळांत ज्यांनीं जगांत नांव मिळविलें ते लियांडर पेस १९७३ सालीं कलकत्त्यास जन्मले. त्यांचे वडील वेस पेस हे मूळचे गोव्याचे. १९७२ सालीं म्यूनिकच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघांत ते होते. याप्रमाणें घरांतच पदक होतें. पण पदकाकडे पाहत बसल्यानें मुलाला खेळ येत नाहीं. लियांडर लहानपणींच घर सोडून मद्रासला अमृतराज घराण्याच्या टेनिसशाळेंत शिकावयास गेले. १९९० सालीं त्यांनीं विंबल्डनला मुलांच्या गटांतील अजिंक्यपद मिळविलें. १९९२ सालीं बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्यें ते आपल्याहून बारा वर्षांनीं वडील अशा रमेश कृष्णन यांच्या जोडीला उभे राहिले, आणि ती जोडी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोंचली. १९९६ सालीं अटलांटा येथें मनगट दुखावलें असतांहि, पहिला डाव गमावून नंतरचे दोन जिंकून, त्यांनीं ब्राझिलच्या मेलिजेनीचा पराभव केला व कांस्यपदक मिळविलें. १९९९ सालीं महेश भूपती यांच्यासह त्यांनीं फ्रान्स व विंबल्डन येथील दुहेरीचीं अजिंक्यपदें जिंकलीं.

इतकें झाल्यावर कोणी म्हणेल, आतां शिकावयाचें काय उरलें? पण २००३ सालीं ते मार्टिना नवरातिलोव्हा यांच्या जोडीनें खेळले. बाईंनीं विंबल्डनचें एकेरीचें अजिंक्यपद नऊ वेळां मिळविलेलें होतें, आणि त्या वेळीं त्यांचें वय ४६ होतें. त्या एका वर्षांत या जोडीनें ऑस्ट्रेलिया व विंबल्डन या दोन्ही ठिकाणीं मिश्र दुहेरी जिंकली. पुढें २०२४ सालीं टेनिसच्या आंतरराष्ट्रीय सन्मानमंदिरांत लियांडर पेस यांचें नांव दाखल झालें. त्याच समारंभांत विजय अमृतराज यांचेंहि झालें. ज्या घराण्याच्या शाळेंत मुलगा शिकला, त्या घराण्याच्या वडिलाच्या पंक्तीस तो बसला.

चाहता आणि शिष्य यांत अंतर कोणतें, तें यावरून कळून येईल. चाहता दुरून पाहतो, व सामना संपला कीं घरीं जातो. शिष्य जवळ जाऊन उभा राहतो, आणि त्याच्या चुका सर्वांच्या देखत होतात. चाहत्याची नजर चेंडूवर असते. शिष्याची नजर गुरूच्या पावलांवर असते. फटका मारण्यापूर्वीं तो कसा उभा राहिला, चुकल्यावर पुन्हां जागेवर कसा आला, हें तो पाहतो. कारण विजयाचें मूळ तेथें असतें, आणि टाळ्या तेथें पडत नाहींत.

३. आमच्या जिल्ह्यांतील उदाहरण

हें भाग्य मोठ्या शहरांतील मुलांनाच मिळतें असें कोणी म्हणूं नये. आमच्याच पालघर जिल्ह्यांतील माहीम गांवचे शार्दूल ठाकूर हे लहानपणीं क्रिकेट शिकण्यासाठीं आगगाडीनें मुंबईच्या बाजूस जात. जाण्यायेण्यांतच दिवसाचे कित्येक तास खर्च होत. तेव्हां दिनेश लाड या शिक्षकांनीं त्यांस बोरिवलीस आपल्या घरींच ठेवून घेतलें. मुलगा शिक्षकाच्या घरीं राहिला, जेवला, व खेळला. जानेवारी २०२१ मध्यें ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें भारतानें जो प्रसिद्ध सामना जिंकला, त्यांत याच खेळाडूनें सात गडी बाद केले व पहिल्या डावांत ६७ धावा काढल्या. गाडीच्या गर्दींत बॅटीची पिशवी संभाळीत उभीं असलेलीं मुलें आम्हीं आजहि पाहतों. त्यांना जागा करून देणें हेंहि एक पुण्यकर्म आहे.

जुन्या करारांत अलीशाची ओळख कशी दिली आहे तें पाहा (२ राजे ३:११). तो एलीयाच्या हातांवर पाणी घालीत असे, एवढेंच त्याच्याविषयीं सांगितलें आहे. पुढें तो मोठा संदेष्टा झाला; पण शिकण्याचीं वर्षें त्यानें पाण्याचें भांडें हातांत घेऊन काढलीं.

४. मिरवणूक आणि गहाणखत

लियांडर पेस यांचें १९९६ चें पदक एका दुसऱ्या पदकाची आठवण करून देतें. त्यापूर्वीं स्वतंत्र भारताच्या एकाच खेळाडूनें एकट्याच्या खेळांत ऑलिंपिक पदक मिळविलें होतें; ते म्हणजे सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे मल्ल खाशाबा जाधव. १९४८ सालीं लंडन येथें ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें, तर पैसा नव्हता. त्या वेळीं कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनीं मात्र कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचें घर सोडवून दिलें.

पुढें काय झालें? मिरवणूक पांगली. खाशाबांनीं पोलीस खात्यांत नोकरी केली, आणि १९८४ सालीं अपघातांत ते वारले. अर्जुन पुरस्कार देण्यांत आला तो त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं. बैलगाड्या जोडणाऱ्यांचें प्रेम खोटें होतें असें आम्हीं म्हणत नाहीं. पण खाशाबा हेलसिंकीस पोंचले ते एका मनुष्यानें आपलें छप्पर गहाण ठेवलें म्हणून. ज्या कौतुकाला कांहीं किंमत पडत नाहीं त्याचें आयुष्य मिरवणुकीएवढेंच असतें.

५. मंडळीसाठीं बोध

आतां हा आरसा आपल्याकडे फिरवूं. आज खेड्यांतील घराघरांत मोबाईल आहे, आणि दूरदूरच्या नामांकित उपदेशकांचे उपदेश कोणालाहि ऐकतां येतात. तें चांगलेंच आहे. परंतु त्याबरोबर करिंथचा जुना रोगहि आपल्या उंबऱ्यांत आला आहे. कोणी या उपदेशकाचा चाहता, कोणी त्या उपदेशकाचा. आणि जो गरीब प्रचारक पावसांत चिखल तुडवीत आजाऱ्याच्या उशाशीं येऊन प्रार्थना करतो, त्याच्या साध्या बोलण्याला लोक नांवें ठेवितात. बंधुभगिनींनो, ज्याला तुम्हीं फक्त ऐकिलें आहे त्याच्यापासून तुम्हांला थोडें शिकतां येईल. ज्याचें चालणें तुम्हीं रोज पाहतां त्याच्यापासून पुष्कळ शिकतां येईल. चिखलांतील पावलें मोबाईलवर दिसत नाहींत.

प्रचारकांसहि आम्हांला एक गोष्ट सांगावयाची आहे. लुस्त्र येथें एक लंगडा बरा झाला तेव्हां लोकांनीं पौल व बर्णबा यांस देव मानून बैल व हार आणिले (प्रेषितांचीं कृत्यें १४). त्या दोघांनीं आपलीं वस्त्रें फाडून तो सन्मान नाकारला. पुढें थोड्याच वेळांत त्याच गांवांत पौलावर धोंडे पडले. लोकांच्या जयघोषावर ज्याचा जीव जडला तो धोंड्यांच्या वेळीं उभा राहूं शकत नाहीं. म्हणून प्रभूनें आपल्या शिष्यांस दोघेदोघे पाठविलें (मार्क ६:७), हेंहि ध्यानांत ठेवावें. दुहेरी खेळांत एक भिडू जाळ्याजवळ असतो व एक मागें. जाळ्याजवळच्याचें नांव होतें, पण मागच्यानें चेंडू संभाळला नाहीं तर पुढच्याचा हात रिकामाच राहतो. पाळक आणि प्रचारक यांनीं, तसेंच पंच आणि शब्बाथ शाळेचे शिक्षक यांनीं, आपआपली जागा धरून उभें राहावें.

शेवटची गोष्ट मर्यादेची. टेनिसपटूपासून टेनिस शिकावें, त्याची चिकाटी शिकावी. पण चांगला फटका मारणारा मनुष्य सर्वच गोष्टींत अनुकरणीय असतो असें नाहीं, आणि तसा भार त्याच्यावर घालणें हा त्याच्यावरहि अन्याय आहे. पौलानें आपलें अनुकरण करावयास सांगितलें खरें. परंतु तो ज्याचें अनुकरण करीत होता त्या ख्रिस्ताचें नांव त्यानें त्याच वाक्यांत घातलें. चांगल्या गुरूची खूण हीच आहे. त्याच्याकडे पाहतां पाहतां शिष्याची नजर त्याच्यापलीकडे जाते.

वर्गांत विचारण्याजोगे प्रश्न

१. करिंथच्या मंडळींतील पक्ष कशामुळें पडले? पौल व अपुल्लो यांचें एकमेकांशीं नातें कसें होतें?
२. चाहता आणि शिष्य यांत अंतर कोणतें? लियांडर पेस यांच्या आयुष्यांतून एक दाखला सांगा.
३. खाशाबा जाधव यांच्या कामीं मिरवणूक काढणारे व घर गहाण ठेवणारे, यांपैकीं आपली मंडळी कोणासारखी आहे?
४. आपल्या गांवांतील एखाद्या होतकरू मुलास किंवा मुलीस या महिन्यांत आपण प्रत्यक्ष कोणती मदत करूं शकूं?
५. गेल्या आठवड्यांत आपण कोणाची स्तुति करतांना दुसऱ्या कोणास कमी लेखलें काय? याचें उत्तर वर्गांत देऊं नये. घरीं प्रार्थनेच्या वेळीं द्यावें.