आधी सांग, मग हात लाव

अगं, डोळ्यांची फाईल वेगळी, हातापायांची वेगळी, कानांची वेगळी, अशा तीन फायली घेऊन तू धावतेस ते मी रोज बघते. एव्हरशाईन सिटीतून शेअर रिक्षा, वसई रोडला लोकल, आणि कडेवर तुझा लेक. माझी लेकही अशीच आहे: दिसतं अगदी अंधुक, सेरेब्रल पाल्सी, आणि तोंडाने बोलत नाही. ती आता मोठी झालीय. म्हणून मोठ्या बहिणीच्या हक्काने सांगते. फायली तीन असल्या तरी मूल एकच आहे, आणि त्याची शाळा तुझ्या घरात, त्याच्या रोजच्या दिवसातच सुरू होते. ‘आधी चालू दे, मग शिकवू’ म्हणून थांबू नकोस.

पहिली गोष्ट. त्याला न सांगता उचलू नकोस. न दिसणाऱ्या मुलाला अचानक कुणी उचललं, तोंडात घास कोंबला, अंगावर पाणी ओतलं, तर ते दचकतं, ताठतं. सेरेब्रल पाल्सीत ते ताठणं आणखी वाढतं, आणि लोक म्हणतात, ‘किती चिडकं पोर!’ आधी नाव घे, खांद्याला हात लाव, मग वस्तू हातात दे. आंघोळीआधी छोटा मग, जेवणाआधी त्याचा चमचा, बाहेर जाताना रिक्षाच्या सीटसारखा रेक्झिनचा तुकडा. रोज तीच वस्तू, त्याच कामाआधी. काम झालं की ती वस्तू त्याच्या हातून एका डब्यात टाकायची: संपलं. काही महिने काहीच घडत नाहीये असं वाटेल. नंतर एक दिवस मग हातात येताच तो पाय हलवेल. ते त्याचं बोलणं आहे, बरं का. ते लिहून ठेव.

दुसरं, त्याचा हात धरून ओढू नकोस. आपण प्रेमानेच करतो, पण हातच ज्याचे डोळे आहेत त्याचे हात आपण धरून ठेवले, की तो बघणार कशाने? आपला हात खाली ठेवायचा, त्याचा वर. बिरड्यासाठी भिजवलेले, मोड आलेले वाल सोलायला बसतेस ना, तेव्हा त्याला मांडीत घे. तुझ्या बोटांवर त्याची बोटं राहू देत. साल सुटतं, आतला दाणा बुळबुळीत निसटतो, वाटीत टप्पकन पडतो. नको वाटलं तर त्याला हात काढून घेता आला पाहिजे. काही विचारलंस की मनात दहापर्यंत मोज. या मुलांना उत्तर जुळवायला वेळ लागतो, आणि आपण घाईने दुसरा प्रश्न टाकतो.

तिसरं, नजरेबद्दल. जन्मताना प्राणवायू कमी पडला असेल, तर कधीकधी डोळा ठीक असतो, पण दिसलेलं मेंदूला उलगडत नाही. याला कॉर्टिकल व्हिज्युअल इम्पेअरमेंट म्हणतात. असं मूल सकाळी वाटीकडे बघतं आणि संध्याकाळी दमल्यावर बघत नाही. घरचे म्हणतात नाटकं करतो. नाटक नाही गं ते. काळी चादर अंथर, तिच्यावर एकच पिवळी वाटी ठेव, हळू हलव, टीव्ही बंद कर. पुष्कळदा अशा मुलांना लाल-पिवळं आणि हलणारं आधी दिसतं. डॉक्टरांना ‘रोजच्या वापरातली दृष्टी’ तपासायला सांग. सासूबाईंना नवस बोलायचा असेल तर बोलू देत, पण कानांच्या बेरा चाचणीची तारीख चुकवू नकोस. नजर अधू असलेल्या मुलाचं निम्मं जग कानांवर उभं असतं.

एकट्याने खेळायला डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी सुचवलेली ‘छोटी खोली’ घरी करता येते. उताण्या झोपलेल्या मुलाच्या वर एक खोका, आत चमचे, किल्ल्या, बांगड्या घट्ट बांधून टांगलेल्या. हात लागला की आवाज होतो, आणि वस्तू उद्याही तिथेच सापडते. फक्त तू जवळ बस.

आता कागद. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहिरेपण-अंधत्व एकत्र असणं बहुविकलांगतेखाली नावानिशी आलं. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली बदल होऊन बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्यायही मिळाला. पण नीट ऐक, तो पर्याय निवडायचा तो आपण. शाळेने ‘घरीच ठेवा’ म्हणून हात झटकायला तो दिलेला नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, काढ, त्यावर एकच अपंगत्व नको, सगळी नोंदवून घे. मग राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना बघ. तिच्यात 1 लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही धरतात. तो 18 वर्षांचा झाला की कायदेशीर पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून घ्यावं लागतं. 2014 पासून आपला जिल्हा पालघर, तेव्हा ठाण्याच्या फेऱ्या नकोत.

कान आणि डोळे दोन्हींची अडचण निघालीच, तर मुंबईत 1977 साली सुरू झालेली हेलन केलर इन्स्टिट्यूट याच कामासाठी आहे. अंधशाळेत चौकशी करताना पहिलाच प्रश्न विचार: ‘चालता न येणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलाला तुमच्याकडे कोण शिकवतं?’ उत्तर गुळमुळीत आलं तर पुढची शाळा बघ.

आणि सगळं तू एकटीनं करू नकोस. आंघोळीचा मग बाबांच्या हातातही हवा, ताईच्या हातातही. सगळ्यांनी एकच खूण वापरली तरच ती त्याची भाषा होते. थोरल्या लेकीला मात्र बिनपगारी आया करू नकोस. तिच्याही परीक्षा आहेत, तिलाही आईची मांडी लागते.

आज एवढंच कर. एक वही घे. तो कशाने हसतो, कशाने ताठतो, काय मागतो, कसं ‘नको’ म्हणतो, ते लिही. पुढच्या वेळी थेरपिस्टसमोर तिन्ही फायलींच्या आधी ही वही उघड. त्या फायलींत त्याला काय येत नाही ते आहे. त्याला काय कळतं, ते फक्त तूच लिहू शकतेस.