धनेशाचा फोटो हवाय? मग ऐक

अगं, कोस्टा रिकातल्या टूकनचे फोटो पाठवून वर लिहितेस, "ताई, आपल्याकडे असलं काही नाही." आहे की! आपल्या छत्रपती संभाजीनगरात राखी धनेश आहे. तो टूकनचा नातलग नाही, हे खरं. टूकनचं नातं भर उन्हात 'टुक-टुक' करणाऱ्या आपल्या तांबटाशी. पण दोन फुटांचा देह आणि ती बाकदार चोच बघितलीस, की टूकन विसरशील.

आणि एक सांगू? तिकडे पुष्कळ ठिकाणी केळी-पपई मांडून पक्षी बोलावतात, म्हणून फोटो इतके जवळून मिळतात. तुला मांडामांड करायची गरज नाही. वड, पिंपळ, उंबर फळला की धनेश आपणहून येतो. हिमायतबाग, विद्यापीठाचा परिसर, जमलं तर गौताळा, इथली फळलेली झाडं हेरून ठेव. सकाळी ऊन पाठीशी घेऊन बस आणि गप्प राहा. घारीसारखी किंकाळी आली की कॅमेरा उचल. चारशेची लेन्स पुरते. पाठीमागे आभाळ असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वाढव, नाहीतर राखी पक्षी काळा दिसेल. उडताना हवा असेल तर शटर १/१००० च्या खाली नको. जवळची गच्ची मिळाली तर सोनंच. खालून नुसतं पोट दिसतं.

आता महत्त्वाचं. मार्च ते जूनमध्ये ढोलीच्या वाटेला जाऊ नकोस. मादी आत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. पंखांची पिसंही गळलेली असतात. नर आणेल तेच खायचं. तू खाली उभी राहिलीस तर तो बुजतो, फळ चोचीत घेऊन लांब बसतो आणि आत आई-पिल्लं उपाशी. बाळंतिणीच्या खोलीत तू कॅमेरा घेऊन शिरशील का? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं हे शिकारीतच धरलंय.

मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणंही नको. आणि ढोली दिसलीच, तर फोटोखाली जागा लिहू नकोस. एकीने लिहिलं की दुसऱ्या दिवशी दहा जण हजर.

जवळ यायचं की नाही, ते धनेशाला ठरवू दे. तू उंबराखाली बस.