झोळी झाडाला, बाळ छातीशी

द्राक्षकाढणीच्या दिवसांत दिंडोरी किंवा निफाडच्या रस्त्याने जाताना बांधावरच्या एखाद्या झाडाला लुगड्याची झोळी बांधलेली दिसते. आई वेलींखाली घड काढत असते आणि तान्हे मूल झोळीत निजलेले असते. झोळी आणि पाळणा बघतच आपल्याकडच्या पिढ्या वाढल्या. म्हणून गळ्यात अडकवायची कापडी ‘बेबी स्लिंग’ पहिल्यांदा घरात आली, की वडीलधाऱ्यांना ती ओळखीचीच वाटते. तीच झोळी, फक्त झाडाऐवजी आईच्या खांद्याला. गैरसमज इथेच सुरू होतो.

माझी भाची नाशिकच्या पंचवटीत हिरावाडीला राहते. नवरा सातपूरच्या कारखान्यात पाळीत कामाला, सासूबाईंचे गुडघे दुखरे आणि बाळ दोन महिन्यांचे. दिवे लागणीला ते रडायला लागले की कोणाच्याच हाती लागत नसे. नात्यातल्या कोणीतरी भेट दिलेली स्लिंग तेव्हा तिला देवासारखी वाटली. पिशवीच्या आकाराची, तळाशी मऊ गादी, वर एकच लांब पट्टा. बाळ आत ठेवले की पाठीची कमान होऊन गुडूप झोपायचे. सासूबाई खूश होत्या, कारण त्यांच्याही लेकरांनी झोळीतच झोप काढली होती.

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात ती बाळाला तशीच घेऊन गेली. पिशवी कमरेपर्यंत लोंबत होती. ऊन होते आणि दृष्टही लागू नये, म्हणून वरून ओढणी पसरलेली होती. भाजीचे वाटे जमिनीवर मांडलेले, त्यामुळे दर वेळी वाकावे लागे, आणि वाकले की पिशवी पुढे झुलून पुन्हा पोटावर आदळे. भाजी विकणाऱ्या एका वयस्क बाईला बाळाच्या श्वासाची घरघर ऐकू आली. तिने ओढणी बाजूला करायला लावली. बाळाची हनुवटी छातीत रुतली होती, नाक कापडाच्या घडीत दबले होते आणि अंग घामाने भिजले होते. उचलून सरळ धरताच श्वास मोकळा झाला आणि बाळाने भोकाड पसरले. त्याच संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांनी तपासले, बाळ ठीक होते. आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून हा विषय मुळापासून समजून घेतला गेला.

तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि जड असते. मानेच्या स्नायूंत ते पेलण्याची ताकद नसते, आणि श्वासनलिका अरुंद नि मऊ असते. हनुवटी छातीला टेकली की ही नळी दुमडते आणि श्वास अपुरा पडू लागतो. अशा वेळी बाळ रडत नाही, धडपडत नाही, उलट शांत होत जाते. आईला वाटते, छान झोपले. या प्रकारातली सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे, आणि ती प्रत्येक बाळंतिणीला घरी जाण्याआधी सांगितली गेली पाहिजे असे मला कळकळीने वाटते.

अमेरिकेत हे फार मोठी किंमत देऊन कळले. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला. त्याआधीच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान 14 बालमृत्यू आयोगाच्या नोंदीत होते आणि त्यांतली 12 बाळे चार महिन्यांहून लहान होती. त्याच महिन्यात इन्फँटिनो या कंपनीच्या सुमारे दहा लाख स्लिंग परत मागवण्यात आल्या. त्याही पिशवीसारख्याच होत्या, बाळ आत वळकटी होऊन बसेल अशा. पुढे 2018 पासून तिथे स्लिंगसाठी सक्तीचे सुरक्षा मानक लागू झाले. दिवस भरण्याआधी जन्मलेले, वजनाने कमी किंवा सर्दीने नाक चोंदलेले बाळ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्लिंगला हात लावू नये.

झाडाच्या झोळीतही बाळाची हनुवटी खाली जाऊ शकते, म्हणून तिच्यावरही लक्ष ठेवावेच लागते. अंगावर लटकणाऱ्या पिशवीत मात्र आईचे पोट एका बाजूने दाबत असते, कापड दुसऱ्या बाजूने मिटत असते आणि बाळाचा चेहरा आईच्या नजरेखालून निसटलेला असतो.

मग बाळाला अंगावर बांधूच नये का? तसे अजिबात नाही. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. त्यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी उभी बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू मदर केअर. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केलेल्या अगदी लहान बाळांत पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. भारतातले केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. मॉन्ट्रियलच्या हुंझिकर आणि बार यांनी 1986 साली दाखवले, की रोज जास्त वेळ कडेवर-छातीशी घेतलेली बाळे सहा आठवड्यांच्या वयात 43 टक्के कमी रडत होती. त्यामुळे बाळाला सारखे घेऊ नकोस, सवय लागेल, असे सांगणाऱ्यांचे ऐकायचे कारण नाही.

नवजात विभागातल्या परिचारिका कांगारू पद्धत शिकवताना बाळ कसे ठेवतात ते नीट पाहावे. बाळ उभे, छाती छातीला लागलेली, डोके एका बाजूला वळवलेले, हनुवटी किंचित वर, पाय बेडकासारखे फाकलेले. साधारण हीच बसण पाहून घरची स्लिंग बांधायची.

बाळ इतके वर हवे, की मान जराशी खाली केली तर टाळूचा पापा घेता यावा. चेहरा सतत दिसायला हवा, त्यावर पदर, ओढणी, दुपटे काहीच नको. उन्हासाठी डोक्यावर पातळ सुती टोपी घालावी किंवा छत्री धरावी, आणि दृष्टीची काळजी असणाऱ्या आजीला तीट लावू द्यावी. बाळाची हनुवटी आणि छाती यांच्यात आपले बोट सहज बसले पाहिजे. कापड पाठीवर ताणलेले असावे. ताण पुरेसा आहे का हे कळायला एक हात बाळाच्या पाठीवर ठेवून हळूच पुढे झुकावे. बाळ अंगापासून सुटून पुढे आले, तर कापड सैल आहे.

पायांकडे तर आपल्याकडे फारच कमी लक्ष जाते. न्हाऊ घातल्यावर बाळाचे पाय जुळवून दुपट्यात करकचून गुंडाळायची रीत घरोघरी आहे. खुब्याचा सांधा त्या वयात अजून घडत असतो आणि पाय सरळ ताणून बांधल्याने तो निखळण्याचा धोका वाढतो. जपानमध्ये 1975 च्या सुमारास पाय मोकळे ठेवण्याची मोहीम निघाल्यावर खुबे निखळण्याचे प्रमाण झपाट्याने उतरले. स्लिंगमध्ये कापड एका गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीपर्यंत पसरलेले हवे आणि गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर. फक्त जांघेखालून गेलेल्या अरुंद पट्टीवर बाळ लोंबकळत असेल, तर तो प्रकार टाळावा. बाळाचे तोंड बाहेर करून बांधण्याची हौस मान पूर्ण धरेपर्यंत थांबवावी. पाठीवर बांधायचे तर साधारण सहा महिने जाऊ द्यावेत.

भाचीची मोठी तक्रार वेगळीच होती. तिचा डावा खांदा आणि कंबर भरून येत असे. तेही त्या लोंबणाऱ्या पिशवीचेच काम होते. ओझे जितके खाली आणि अंगापासून लांब, तितकी कंबर जास्त ताणली जाते. बाळ वर आणि घट्ट आले की आईची पाठही सुटते. म्हणजे बाळाला जे सुरक्षित तेच आईला सुखाचे, आणि खांदा दुखू लागला तर बांधणीत काहीतरी चुकले आहे असे समजून लगेच सोडून पुन्हा बांधावे. कड्यांची स्लिंग असेल तर कड्या हासळीच्या हाडाखाली याव्यात, कापड खांद्याच्या गोलाईवर आणि पाठीवर पसरावे, मानेजवळ दोरीसारखे गोळा होऊ नये. एका खांद्याची स्लिंग थोड्या वेळाला ठीक. तासभर चालायचे तर दोन्ही खांद्यांवरून जाणारे लांब सुती कापड किंवा पट्ट्यांची कॅरियर बरी. सिझेरियन झाले असेल तर टाक्यांवर येणारा कमरपट्टा नको.

घरच्या साडीचे काय, हे सगळ्याच विचारतात. धुऊन मऊ झालेली जाड सुती साडी चालते, पण आधी ती उजेडासमोर धरून विरलेले धागे शोधावेत आणि दोघींनी दोन टोके धरून जोरात ओढून पाहावी. सिंथेटिक साडी गाठीतून सरकते आणि उन्हाळ्यात अंग उकडून काढते. पडद्याच्या किंवा सांधा दिसणाऱ्या कड्या कधीही वापरू नयेत. नाशिकचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाळाच्या अंगात एकच पातळ झबले असावे आणि मानेमागे हात लावून घाम बघत राहावे. अंगावर पाजताना बाळ खाली घेतले असेल, तर पाजून झाल्यावर पुन्हा वर घ्यायला विसरू नये.

पंचवटीत बाबागाडी फारशी उपयोगाची नाही. गल्ल्या चिंचोळ्या आणि घाटाला पायऱ्या, त्यामुळे इथे स्लिंग खरोखर कामाची आहे. काळाराम मंदिराच्या प्रशस्त आवारात बाळ छातीशी बांधून निवांत फिरता येते. सीतागुंफेचे तसे नाही. तिथे उतरताना वाकून, जवळजवळ बसून सरकावे लागते. बाळाला बाहेर कोणाकडे तरी देऊन आळीपाळीने दर्शन घ्यावे. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवर बाळ बांधून उतरू नये, आणि पर्वणीच्या गर्दीत तर तान्ह्याला नेऊच नये. 2027 च्या सिंहस्थात शाहीस्नानाच्या दिवशी घाटाकडे निघणाऱ्या तरुण जोडप्यांना हे आत्ताच सांगून ठेवते. घरात गॅसजवळ, फोडणी देताना, उकळता चहा हातात असताना बाळ अंगावर नको. खालचे काही उचलायचे तर कमरेतून न वाकता गुडघ्यांत बसावे.

दुचाकीबद्दल मात्र कसलीही सवलत नाही. पेठ रोडवर आणि निमाणीच्या चौकात स्लिंगमधले बाळ पोटाशी घेऊन स्कूटर चालवणाऱ्या आया दिसतात. अपघातात ते बाळ आई आणि हँडल यांच्यामध्ये सापडते. 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट लागते, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. स्लिंग म्हणजे तो पट्टा नव्हे. नऊ महिन्यांखालच्या बाळाच्या नाजूक मानेला हेल्मेटही झेपत नाही, म्हणून त्याला दुचाकीवर नेणेच टाळावे. भाची आता ती पिशवी सोडून कड्यांची स्लिंग बांधते आणि हिरावाडीतून बाजारात चालत जाते, लांब जायचे असेल तर रिक्षा करते. बाळाचे बाबा सुटीच्या दिवशी तीच स्लिंग घालतात, पण तिच्या मापाची नाही. प्रत्येक वेळी कड्यांतून कापड ओढून, आपल्या छातीच्या उंचीला बसवून, आरशात बाळाचे नाक दिसते का ते बघून मगच जिना उतरतात.