मासळीचे बियाणे राखा

पुढील वर्षाच्या पेरणीसाठी कणगीत जपून ठेवलेले भात, बाजारात तेजी आली म्हणून कोणी शहाणा शेतकरी विकून टाकीत नाही. समुद्राच्या बाबतीत मात्र हे बियाणे डोळ्यांसमोर नसते. ते पाण्यात वावरते, जाळ्यात पिकाबरोबरच येते आणि तेही पीकच समजून विकले जाते. कोकण किनाऱ्यावरील अनेक कुटुंबे शेतीला जोड म्हणून मासेमारी करतात. त्यांना व मत्स्यव्यवसायी बांधवांना ह्या बियाण्याची ओळख व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

महाराष्ट्र शासनाने सन २०२३ मध्ये पापलेट अर्थात सरंगा यास राज्यमासा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी समुद्रातील ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून देण्यात आले. पापलेटसाठी हे माप १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासा धरू नये, असा नियम झाला. हे माप कोणी कचेरीत बसून मनाने ठरविलेले नाही. त्यामागे अनेक वर्षांची शास्त्रीय पाहणी आहे.

माप कसे ठरते?

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेची स्थापना सन १९४७ मध्ये झाली. तिचे मुख्यालय आज कोची येथे असून मुंबईतही केंद्र आहे. संस्थेचे कर्मचारी ठराविक दिवशी बंदरांवर जाऊन, उतरविलेल्या मासळीतून नमुने घेतात, त्यांची लांबी व वजन नोंदवितात, आणि पोट उघडून गाभोळी कोणत्या अवस्थेत आहे ते पाहतात. अशा असंख्य नोंदी एकत्र केल्या म्हणजे कोणत्या लांबीला मासा प्रथम अंडी घालण्यायोग्य होतो, ते कळून येते. माशाच्या कानातील बारीक खड्यावर वाढीची वलये उमटतात. त्यांवरून व लांबीच्या नोंदींवरून वयाचा अंदाज करता येतो. किमान माप ठरविताना प्रौढावस्थेविषयीच्या माहितीचाच मुख्य आधार घेतला जातो. माशाने आयुष्यात निदान एकदा तरी अंडी घालावीत, मग तो जाळ्यात यावा, एवढेच ह्या नियमाचे मर्म आहे.

लहान मासा धरण्यातील तोटा

अंगाची ठेवण तीच राहिल्यास माशाची लांबी दुप्पट झाली असता त्याचे वजन सुमारे आठपट होते. समजा, १० सेंटिमीटर लांबीची शंभर पिल्ले पाण्यात राहू दिली आणि २० सेंटिमीटरची होईपर्यंत त्यांतील निम्मी मेली. उरलेल्या पन्नास माशांचे वजन तरीही मूळच्या शंभर पिल्लांच्या चौपट भरेल. शिवाय मोठ्या पापलेटचा दर लहानापेक्षा कितीतरी अधिक असतो. पिल्ले मात्र मातीमोल भावाने जातात. बारीक मासळी पुष्कळदा खत वा कोंबडीखाद्य होऊन संपते. नारळीच्या आळ्यात मासळीचे खत उत्तम खरे, परंतु पापलेटच्या पिल्लांचे खत हे फार महाग खत होय.

तारलीचा धडा

केरळ राज्यात सन २०१२ मध्ये तारली सुमारे ३ लाख ९० हजार टन मिळाली होती. सन २०२१ मध्ये ती अवघी ३,२९७ टन मिळाली. ह्या घसरणीचे खापर केवळ मच्छीमारांवर फोडणे न्यायाचे होणार नाही. समुद्राच्या पाण्याचे तापमान व त्यातील सूक्ष्म खाद्य यांत बदल झाला की तारलीचे थवे कमीजास्त होतात. परंतु अशा वाईट वर्षांतच बियाण्याचे मोल अधिक असते. पाऊस आपल्या हाती नाही म्हणून शेतकरी बियाणे खाऊन टाकीत नाही. पुढील वर्षांत तारली पुन्हा वाढली. मूळ साठा शिल्लक राहिला तरच अशी वाढ होऊ शकते.

खरी अडचण

नियम सांगणे सोपे, पाळणे कठीण, हे मान्य केले पाहिजे. पालघर ते रायगड या पट्ट्यात डोल जाळे हे महत्त्वाचे साधन आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात ते तोंड उघडे ठेवून रोवतात, आणि प्रवाहाबरोबर येणारी मासळी मागच्या निमुळत्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, साठते. जवळा पूर्ण वाढला तरी बारीकच असतो. म्हणून खोल्याचा आस लहान ठेवावा लागतो. त्याच आसात पापलेटची पिल्लेही अडकतात, आणि जाळे वर येईपर्यंत त्यांतील बहुतेक मेलेली असतात. मेलेला मासा परत टाकून साठा वाढत नाही. तेव्हा पिल्ले जाळ्यात येऊच नयेत, हाच खरा उपाय आहे.

ट्रॉलरच्या बाबतीत चौकोनी आसाची पिशवी उपयुक्त ठरते. नेहमीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसताच मिटतो. चौकोनी आस उघडा राहतो व लहान मासा निसटून जातो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी यांत्रिक नौकांसाठी असते. अनेक जातींचा अंडी घालण्याचा काळ त्यामुळे बराचसा सुरक्षित राहतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याच्या जुन्या प्रथेचेही फळ तेच होते.

“मी सोडला तर दुसरा पकडील,” हा आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. एकट्याच्या संयमाने समुद्र राखला जात नाही. म्हणूनच हे काम गावच्या सहकारी संस्थेने हाती घ्यावयाचे आहे.

काय करावे?

१. आपल्या जाळ्यात येणाऱ्या जातींची किमान मापे मत्स्यव्यवसाय कार्यालयातून लिहून घ्यावीत. लांबी शेपटीच्या टोकापर्यंत मोजावयाची की बेचक्यापर्यंत, हेही विचारून घ्यावे.

२. मापाची खूण केलेली पट्टी प्रत्येक नौकेवर ठेवावी.

३. एखाद्या ठिकाणी पिल्ले अधिक येऊ लागताच जाळ्याची जागा बदलावी, व ती खबर इतर नौकांना द्यावी. पिल्लांच्या ऐन हंगामात काही दिवस जाळी न लावण्याचा निर्णय संस्थेने सभेत सर्वानुमते घ्यावा.

४. ट्रॉलरधारकांनी चौकोनी आसाची पिशवी वापरावी.

५. व्यापाऱ्यांनी व गृहिणींनी तळहाताएवढेही नसलेले पापलेट विकत घेऊ नये. गिऱ्हाईक नसेल तर पिल्ले धरण्याचा मोह आपोआप कमी होईल.

६. बंदरावर येणाऱ्या पाहणी कर्मचाऱ्यांस खरी माहिती द्यावी. त्या नोंदींवरच पुढील मापे व नियम ठरतात.

शेतात बियाणे राखणाऱ्यास त्याचे फळ त्याच्याच शेतात मिळते. समुद्रात एकाने राखलेले दुसऱ्याच्या जाळ्यात जाऊ शकते. परंतु सर्वांनी राखले तर ते सर्वांच्याच जाळ्यात येईल, आणि आपल्या मुलांच्या होड्या समुद्रावरून रिकाम्या परतणार नाहीत.