आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि कुलभूषण जाधव खटला

संयुक्त राष्ट्रांच्या धड्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाबद्दल ठरलेली माहिती असते : मुख्यालय हेग, न्यायाधीश 15, मुदत 9 वर्षे. पाठ केलं की गुण मिळतात. पण हे न्यायालय दोन देशांचं भांडण सोडवतं कसं? त्यासाठी एक खटला बघू.

विंचूरमध्ये बांधावरून वाद झाला आणि निफाडच्या कोर्टात दावा लागला, तर 'मला हे कोर्ट मान्य नाही' असं समोरच्याला म्हणता येत नाही. हेगला तसं म्हणता येतं! तिथे दोन्ही देशांची संमती लागते. 1999 मध्ये भारताने पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं, तेव्हा पाकिस्तान हेगला गेला होता. 2000 साली न्यायालयाने 'आम्हाला अधिकारच नाही' म्हणून तो दावा काढून टाकला.

मग जाधवांच्या वेळी काय वेगळं होतं? कुलभूषण जाधव हे नौदलातले निवृत्त मराठी अधिकारी. पाकिस्तानने 2016 मध्ये त्यांना हेर ठरवून पकडलं आणि एप्रिल 2017 मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारतीय वकिलातीला एकदाही भेटू दिलं नाही. आता, परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधू द्यायचा, हे 1963 च्या व्हिएन्ना करारात आहे. त्यावरून वाद झाला तर हेगला जायचं, हेही दोन्ही देशांनी आधीच मान्य केलेलं. भारताने नेमकं हेच पकडलं. 8 मे 2017 ला अर्ज केला, 18 मे ला फाशीला स्थगिती मिळाली. बाजू मांडली नागपूरच्या हरीश साळवे यांनी, फी फक्त 1 रुपया.

17 जुलै 2019 ला निकाल आला. 15 विरुद्ध 1 मतांनी करार मोडल्याचं ठरलं. वकिलातीला भेटू द्या, शिक्षेचा फेरविचार करा, तोवर फाशी नको, असं न्यायालयाने सांगितलं. भारताने सुटकाही मागितली होती, ती मिळाली नाही. जाधव हेर आहेत की नाहीत, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. 'भारत जिंकला' एवढंच लिहून उत्तर संपवणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

या न्यायालयाकडे पोलीस नाहीत. निकाल पाळला नाही तर सुरक्षा परिषदेकडे जाता येतं, पण तिथे नकाराधिकार आडवा येतो. तरीही सप्टेंबर 2019 मध्ये पाकिस्तानने भारतीय अधिकाऱ्याला जाधवांची भेट घेऊ दिली आणि 2021 मध्ये अपिलासाठी कायदा केला. फाशी टळली आहे. जाधव मात्र अजून पाकिस्तानच्याच कैदेत आहेत.