लाल किनोआ आणि आपल्या घरचा राजगिरा

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पठारावर, पेरू व बोलिव्हिया या देशांत, हजारो वर्षे पिकविले जाणारे किनोआ हे धान्य आता नागपूरच्या दुकानांतूनही मिळू लागले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे किनोआचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून त्याचा बोलबाला वाढला. वस्तुतः किनोआ हे गहू किंवा ज्वारी यांसारखे तृणधान्य नव्हे. हरभऱ्याच्या शेतात निंदणाच्या वेळी उपटून टाकला जाणारा चाकवत हा त्याचा सख्खा भाऊबंद, आणि राजगिरा हा त्याच कुळातील जवळचा आप्त होय.

किनोआ पांढरा, लाल व काळा अशा रंगांत येतो. लाल दाण्याचा रंग वरच्या सालीत असतो आणि तो बीटाच्या रंगाच्याच जातीचा आहे. शिजल्यावर लाल दाणा पांढऱ्यापेक्षा मोकळा राहतो, म्हणून उपमा, खिचडी व कोशिंबीर यांस तो अधिक चांगला. तथापि रंग लाल म्हणून त्यात प्रथिने अधिक असतात, ही समजूत खरी नव्हे. दाण्याच्या सालीवर सॅपोनिन नावाचे कडू द्रव्य असते. रिठ्याच्या पाण्यास फेस येतो तो याच प्रकारच्या द्रव्यामुळे. यास्तव दाणा चोळून, फेस येणे थांबेपर्यंत तीन-चार पाण्यांनी धुवावा. नंतर एका वाटीस दोन वाट्या पाणी घालून झाकण ठेवून वीस मिनिटे मंद आचेवर शिजवावा.

शंभर ग्रॅम किनोआत सुमारे १४ ग्रॅम प्रथिने असतात. राजगिऱ्याची प्रथिनेही जवळजवळ तितकीच. दोहोंचा विशेष प्रथिनांच्या प्रतीत आहे. शरीरास लागणारे लायसिन हे द्रव्य ज्वारीत फार कमी असते. ते या दोन्ही धान्यांत चांगले असते. राजगिऱ्यात शिवाय शंभर ग्रॅममागे सुमारे ७ ते ९ मिलिग्रॅम लोह व दीडशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते. मग जो गुण किराणा दुकानातील राजगिऱ्यात स्वस्तात मिळतो, त्यासाठी किनोआचे महाग पुडके आणण्याचे कारण उरत नाही. आवड म्हणून किनोआ खाणाऱ्याने तो अवश्य खावा. राजगिराही मूळचा अमेरिका खंडातलाच. परंतु तो आपल्या उपवासात इतका रुळला, की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अडचण आहे ती येथेच. कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबेच्या दर्शनास नवरात्रात मोठी गर्दी लोटते आणि आसपासच्या गावांतील अनेक स्त्रिया नऊ दिवस उपवास करतात. या दिवसांत साबुदाण्याची उसळ अधिक खाल्ली जाते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ. त्याने पोट भरते, पण प्रथिने व लोह फारसे मिळत नाही. राजगिऱ्याची भाकरी किंवा शिरा निदान एका वेळेस ठेवावा. मात्र उपवास सुटला की राजगिऱ्याचा डबा पुढच्या सणापर्यंत वर जातो, आणि ज्या घरात गरोदर स्त्री किंवा रक्त कमी असलेली मुलगी आहे, तेथे हे नुकसानीचे आहे.

तीन भाग ज्वारीच्या पिठात एक भाग राजगिऱ्याचे पीठ मिसळून रोजची भाकरी करावी. या पिठास चिकटपणा कमी, म्हणून पाणी कढत घ्यावे. लाह्या करताना जाड लोखंडी कढई चांगली तापवून एका वेळी चिमूटभरच दाणे टाकावेत व फडक्याच्या बोळ्याने हलवावेत. मूठभर टाकल्यास निम्मे दाणे न फुटता करपतात. लाह्या दुधात भिजवून, मऊ झाल्यावर लहान मुलास द्याव्यात. जेवणाबरोबर लिंबू, आवळा किंवा आपल्याकडचे संत्रे घेतल्यास लोह अधिक अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास ते कमी लागते. राजगिऱ्यात तेलाचा अंश असल्याने पीठ लवकर खवट होते. पंधरा दिवसांपुरतेच दळावे. आणि राजगिरा आला म्हणून ताटातील वरण काढू नये. डाळीचे काम डाळच करते.

पेरणीचा विचार करणाऱ्यांनी किनोआच्या बाबतीत घाई करू नये. दाण्याचा कडवटपणा काढण्याची सोय व घेणारा व्यापारी आधी पाहावा. फुलोऱ्यात कडक ऊन लागल्यास दाणे भरत नाहीत, आणि पक्व कणसांवर पाऊस पडल्यास दाणे कणसातच उगवतात.

राजगिरा घरापुरता बांधाकडेच्या दोन-चार ओळींतही होतो. बी अत्यंत बारीक असल्याने ते बारीक वाळूत मिसळून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ४५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत पेरावे व एक-दीड सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये. काळ्या जमिनीत पपडी धरली तर कोंब वर येत नाही. विरळणीत निघालेली कोवळी रोपे भाजीस वापरावीत. योग्य जातीच्या बियाण्याविषयी नागपूरच्या कृषि महाविद्यालयात विचारणा करावी. पांढुरक्या बियांत काळे दाणे दिसल्यास रानटी माठाची भेसळ समजावी आणि ते बी पेरू नये. कणसे पिवळी पडून हातात चोळल्यावर दाणे सुटू लागले, की सकाळी दव असतानाच कापणी करावी. दुपारी कापल्यास बरेच दाणे जमिनीवर गळतात.